रिंगखालचा रेहान

ऐका, तर त्या रविवारी ओमकार बास्केटबॉलच्या कोर्टवर आला तोच ठरवून, की आज रेहानला काढायचा म्हणजे काढायचा. पोटात अख्खं भाषण तयार. आंघोळ करताना म्हणून बघितलेलं, गाडीवर बसून म्हणून बघितलेलं, आईने "कोणाशी बोलतोस रे?" विचारलं तरी थांबला नव्हता. चिपळूणच्या स्पर्धेला टीमची नावं त्याच संध्याकाळी कळवायची होती आणि त्यात रेहानच्या जागी सांगलीच्या रितेशचं नाव गेलं पाहिजे, बस. जूनमध्ये ओमकार मस्कतला जाणार होता, मामाकडे, एसीच्या कामाला. म्हणजे हा शेवटचा मे महिना, शेवटची स्पर्धा. कॅप्टन झाल्यापासून प्रत्येक फायनल हा माणूस खेडवाल्यांकडून हरलेला. कप हातात न घेता विमानात बसायचं या विचाराने त्याला झोप लागत नव्हती.

आता अलोऱ्याचं कोर्ट म्हणजे कसं, तर कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतलं. अर्ध्या क्वार्टर्स रिकाम्या, त्यांच्यावर वेली चढलेल्या, पण कोर्ट ठणठणीत, कारण आप्पा. आप्पा प्रकल्पातून रिटायर झाले आणि उरलेली सगळी हौस त्यांनी त्या सिमेंटच्या तुकड्यात ओतली. नेट तेच आणणार, लाइनी तेच मारणार, स्पर्धेला जायची गाडी तेच करणार. आणि आप्पांचा एक नियम होता, बाहेरच्या कोणाला सांगितला तर तो हसतोच. टीमची बैठक असली की ज्याला बोलायचंय त्याने फ्री थ्रोच्या लाइनीवर जायचं आणि एक बॉल टाकायचा. आत गेला तर बोल, पोटभर बोल, कोणी मध्ये तोंड घालणार नाही. नाही गेला तर त्या बैठकीपुरता तू मुका. "आधी बास्केट, मग बडबड." पूर्वी या पोरांच्या बैठका म्हणजे नुसता मासळीबाजार असायचा, म्हणून आप्पांनी हा उपाय काढला. बैठका लवकर आटपायला लागल्या आणि वर सगळ्यांचे फ्री थ्रो पण सुधारले.

सगळ्यांचे म्हणजे रेहान सोडून.

रेहान दाभोळचा. सहा फूट चार इंच, दारातून येताना वाकून आणि वर तिरका होऊन येतो. आठवडाभर बापाच्या बोटीवर, रविवारी फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं, तिथून एसटी, चिपळूणला परत दुसरी एसटी, आणि मग साहेब अलोऱ्यात उगवणार, अर्थात उशिरा. मागतो काय? एसटीचं भाडं आणि आप्पांच्या घरचं जेवण. एवढ्यात एवढा उंच माणूस अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही. पण खेळ म्हणाल तर देवा! पळायला लागला की वाटतं सामान भरलेला टेम्पो घाट चढतोय. फाऊल तर असे करतो जसा काही घरून सांगून पाठवलाय. रिबाऊंड पकडतो झकास, पण पकडला की लगेच बॉल पोटाशी आणतो, जाळं ओढल्यासारखा, आणि मग समोरचं कुठलं तरी टिंगू पोर येऊन हातातनं काढून नेतं. आणि फ्री थ्रो? गेल्या फायनलला शेवटचे दोन त्याच्या हातात होते. एक रिंगला लागलाच नाही. दुसरा बोर्डाला असा आदळला की अर्ध्या कोर्टात परत आला. एका पॉइंटने गेली मॅच.

म्हणजे बघा, दोन वर्षं टीममध्ये असून या माणसाने बैठकीत कधी एक शब्द बोललेला नाही. बोलणार कसा, बास्केटच होत नाही. सुरुवातीला टाकून बघायचा, नंतर तेही सोडलं. बैठक सुरू झाली की जाऊन रिंगखाली उभा राहायचा, दुसऱ्यांचे बॉल झेलायचा आणि पुढच्याला आणून द्यायचा.

त्या दिवशी विषय त्याचाच होता, तरी तो तिथेच जाऊन उभा राहिला.

पहिला गेला सागर. सागर म्हणजे ओमकारचा उजवा हात, तोंडाचा फाटका. बॉल टाकला, आत. सागरने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"माझं सरळ आहे. आपण फ्रिज घेऊन खेळतोय. एका जागी उभा, वरनं गरम होतो. फ्रिज उघडला तर आत निदान गार पाणी तरी असतं. याच्यात काय आहे?"

पोरं खिदळली. रेहानने बॉल उचलला आणि पुढच्याला टप्पा देऊन दिला. चेहरा कोरा.

पुढची नम्रताताई. ही एके काळी युनिव्हर्सिटी खेळलेली, चिपळूणला शाळेत पीटी शिकवते आणि रविवारी यांना पळवते. तिने बॉल टाकला आणि आत जातोय की नाही हेही न बघता वळली. गेलाच आत.

"हसून झालं? आता ऐका. रेहान वाईट खेळतो. तो इथे उभा आहे, त्याच्या तोंडावर सांगते. फाऊल करतो, हळू आहे, बॉल खाली आणू नको म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला. पण सागर, तू आत घुसतोस तेव्हा तुझ्या मागचा माणूस अडवून कोण उभा असतो? तुझा तो फ्रिजच ना? गेल्या वर्षी फायनलपर्यंत आलो ते काय तुझ्या केसांच्या स्टाइलवर आलो? निम्मे रिबाऊंड याचे आहेत. आणि तो रितेश! एक दिवस आपल्याबरोबर प्रॅक्टिस नाही, थेट मॅचला उतरणार, मॅचगणिक पैसे मोजून घेणार आणि उद्या खेडवाल्यांनी जास्त देतो म्हटलं की तिकडे पळणार. तेवढ्यात आप्पा अख्ख्या टीमला बूट घेतील. वाईट आहे, पण येतो. हे दोन्ही बाजूंनी तोला आणि मग बोला."

"ताई, पण..." अस्लमने तोंड उघडलं. अस्लम चिपळूणला गॅरेजमध्ये असतो, जोक मारल्याशिवाय त्याला श्वास येत नाही.

"पण बिण लाइनीवर जाऊन," आप्पा खुर्चीतून म्हणाले.

अस्लम गेला, टाकला, रिंगवर फिरला फिरला आणि बाहेर. बिचारा. मग पुढचा सगळा वेळ तो फक्त भुवया उडवत बसला.

आणि मग ओमकार उठला. त्याला ताईचं बोलणं अजिबात आवडलेलं नव्हतं, कारण त्यातलं थोडं खरं होतं. पण त्याच्याकडे उत्तर तयार होतं. याच्या उंचीचा उपयोग काय, हा उडीच मारत नाही! दोन वर्षांत याचे पाय जमिनीवरून सुटलेले कोणी बघितलेत? नारळाचं झाड पण उंच असतं, त्याला कोणी टीममध्ये घेतं का? हे नारळाचं वाक्य त्याने खास शेवटाला ठेवलेलं.

लाइनीवर उभा राहिला. रेहानने त्याला बॉल दिला, हातात नाही, छातीवर. जरा जोरातच. ओमकारने दोन टप्पे मारले, गुडघे वाकवले, टाकला. बॉल झकास निघाला, हा काय चुकणारा माणूस नव्हता, टीममध्ये सगळ्यात भारी हात त्याचाच.

आणि रेहान उडाला.

असा उडाला की आप्पांच्या तोंडातली सुपारी खाली पडली. वर, अजून वर, हात रिंगच्या उंचीला, आणि फाडकन त्याने तो बॉल हवेतच हाणला. बॉल कोर्टच्या कडेवरून गेला तो थेट करवंदीच्या जाळीत.

सगळे एकदम बोलायला लागले.

"ए! येडा झालास काय?" सागर ओरडला.

"आप्पा, हे काय आहे?" ओमकारचा आवाज चिरकला. "फ्री थ्रो कोण अडवतं?"

रेहान काही बोलला नाही. बास्केट नाही, बोलायचं नाही. फक्त दोन्ही हात वर करून उभा राहिला.

आप्पांनी खाली पडलेल्या सुपारीकडे बघितलं, मग रिंगकडे बघितलं. "नियम काय आहे? बॉल आत गेला पाहिजे. रिंगखाली कोणी हात वर करायचा नाही असं मी कधी बोललो?"

"पण असं कोणी करतं का!"

"आजपर्यंत कोणी केलं नाही म्हणून नियम केला नाही. चल, परत टाक."

"म्हणजे माझा चुकला नाही?"

"चुकला कुठे? अडवला. चुकलास की गप बसशील."

झालं! सागर बॉल आणायला जाळीत घुसला आणि हातभर ओरखडे घेऊन शिव्या देत बाहेर आला. ओमकारने या वेळी बॉल उंच टाकला, आभाळात. रेहान परत सुटला, बोटांची टोकं लागली, बॉल बोर्डाच्या मागे. मग ओमकारने हूल दिली, टाकतो टाकतो करून थांबला. रेहान फसला, उडाला, खाली आला, ओमकारने तेवढ्यात टाकला, तर हा बाबा खाली टेकल्या टेकल्या परत वर! दोनदा! हाच तो, सामान भरलेला टेम्पो! धाडकन बॉल ओमकारच्याच खांद्यावर.

"नारळाच्या..." ओमकार पुटपुटला आणि थांबला. त्याच्या भाषणातलं सगळ्यात भारी वाक्य डोळ्यांसमोर मेलं होतं.

आता त्याचं डोकं फिरलं. तो पुढे झुकून टाकायला गेला, रेहान लाइनीपर्यंत चालून आला आणि वरून असा हात मारला की बॉल राहिला बाजूला, पंजा बसला ओमकारच्या तोंडावर. ओठ फुटला. रक्त.

"फाऊल!" सागर किंचाळला. "आप्पा, फाऊल! बघितलंत ना? हाच तो प्रॉब्लेम, हाच!"

"फाऊल आहे," आप्पा शांतपणे म्हणाले. "ओमकारला फ्री थ्रो."

एक क्षण कोणाच्या लक्षात आलं नाही. मग अस्लमला आलं, की फ्री थ्रो तर ओमकार आधीच टाकतोय, आणि तो तोंड दाबून जमिनीवर लोळायला लागला, कारण हसायची पण त्याला परवानगी आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

ओमकारने शर्टाने ओठ पुसला. रेहानकडे बघितलं. रेहान धापा टाकत होता, घामाने निथळत होता, आणि त्याचे डोळे, बाप रे, असे डोळे ओमकारने त्याच्या चेहऱ्यावर कधी बघितलेच नव्हते. मॅचमध्ये हा माणूस रविवारच्या बाजाराला आल्यासारखा उभा असायचा. आज जीव घ्यायला आल्यासारखा.

"घाबरलास काय?" ओमकार म्हणाला. "काढतील म्हणून?"

रेहानने नुसता हात हलवला. टाक.

ओमकारने टाकला. घाईत, जरा खाली. आणि रेहानने या वेळी हाणला नाही. हवेत दोन्ही हातांनी पकडला, नारळ उतरवल्यासारखा, आणि खाली आला. सगळ्यांनी "आ" केला. इतकं सुंदर पकडलं होतं त्याने.

आणि मग त्याने तेच केलं. बॉल पोटाशी आणला.

ओमकारचे पाय डोक्याच्या आधी पळाले. तो घुसला, रेहानच्या पोटाजवळून बॉल हिसकला, वळला, लाइनीवर गेला, परत वळला, आणि रेहान "ए ए" करत पुढे झेप घेईपर्यंत बॉल सुटलेला होता. रेहानच्या बोटांवरून गेला. रिंगला न लागता आत.

सागर नाचला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आप्पांनी हात वर केला.

"गप! बास्केट झालं. ओमकार, बोल."

ओमकार उभा राहिला. श्वास लागलेला, ओठ सुजायला लागलेला, आणि पोटातलं भाषण शोधायला गेला तर तिथे भाषणच नव्हतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. त्याला एकच गोष्ट सुचली आणि तिचाच त्याला इतका संताप आला की बोलताना थुंकी उडाली.

"उडी येते याला! बघितलंत ना? येते! दोन वर्षं हा आपल्याला फसवतोय. खेडचा तो टिंगू फायनलला याच्या डोक्यावरून टाकत होता आणि हा मख्खासारखा उभा! एक, फक्त एक अशी उडी मारली असतीस ना मेल्या, तर कप आप्पांच्या कपाटात असता. का नाही मारलीस? सांग ना! का नाही मारलीस?"

"त्या टिंगूने माझं काय वाकडं केलेलं?" रेहान बोलला.

बोलला! आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "ए रेहान! गप. बास्केट कुठाय तुझं?"

"चुलीत घाला तुमचं बास्केट!"

आता खरं सांगायचं तर आप्पांना असं कोणी बोललेलं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. आप्पांच्या बायकोने पण नाही. आप्पा जे उठलेले ते तसेच परत बसले.

"दोन वर्षं तुमचे बॉल उचलून देतोय," रेहान म्हणाला. त्याचा आवाज उंचीच्या मानाने बारीक होता, पोरांनी तो असा सलग कधी ऐकलाच नव्हता. "तुम्ही माझ्यावर बोला, मी बॉल देतो. अजून बोला, अजून देतो. खेडचा तो पोरगा, त्याने हाफ टाइमला मला पाणी दिलं. पाठीवर हात मारला. त्याच्यावर कशाला उडी मारू? राग यायला लागतो माणसाला उडी मारायला. मला तुझा येतो. तुझाच! त्या मॅचनंतर वर्षभर तू माझ्याशी बोललेला नाहीस. सगळ्यांना हाक मारतोस, मला बोट दाखवतोस, ढोराला दाखवतात तसं. आज एसटीत बसल्यापासून डोक्यात एकच होतं, तुझा बॉल रिंगपर्यंत जाऊ द्यायचा नाही. काढायचं तर काढा. पण तू बोलून नाही."

"पण बोललोच ना मी!" ओमकार ओरडला. "टाकला ना तुझ्यावरून! का टाकता आला? बॉल पोटाशी घेतलास म्हणून! लहान पोर पण वर धरतं!"

"चोरलास तू!"

"सगळेच चोरतात तुझा! म्हणून तर काढतोय!"

"काढ ना मग!"

दोघं इतके जवळ आलेले की ओमकारचं कपाळ रेहानच्या छातीला लागत होतं. सागर मध्ये घुसायला गेला तर नम्रताताईने त्याची कॉलर धरून मागे ओढला. "थांब," ती म्हणाली. "ओमकारचं बोलणं अजून संपलेलं नाही."

खरंच संपलेलं नव्हतं. ओमकारला आता फक्त एक शब्द बोलायचा होता, "काढा", आणि सागर, बाकीची पोरं, सगळे हात वर करणार होते. रितेशचा नंबर मोबाइलमध्ये तयार होता. ओमकारने त्या शब्दासाठी तोंड उघडलं सुद्धा. आणि त्याला दिसलं काय, तर चिपळूणचं कोर्ट, खेडचा टिंगू आत घुसतोय, आणि वरून हा पंजा येतोय. आत्ता जसा आला तसा. सांगलीचा रितेश उडेल, छान उडेल, जेवढ्या पैशाचं ठरलंय तेवढा उडेल. पण खाली टेकल्या टेकल्या परत वर? ओठ फुटेपर्यंत?

त्याला रेहान आवडत नव्हता. आत्ता तर आधीपेक्षा जास्त आवडत नव्हता. पण कप त्याला हवा होता, आणि तो या माणसाच्या रागात होता.

"ठेवा याला," तो म्हणाला.

"काय?" सागर म्हणाला. "ओम्या, डोक्यावर पडलास काय? सकाळपासून तूच तर..."

"ठेवा म्हटलं ना! रितेशला नको म्हणून कळव. ताई, बॉल वर धरायचं याला तुम्ही शिकवा. आणि नाही शिकला तर मी आहे. रोज काढून घेईन, दर वेळी काढून घेईन, रडेपर्यंत काढून घेईन."

"ये तर जवळ," रेहान म्हणाला.

आप्पांनी मोबाइल उघडून नावं टाकायला घेतली. चष्म्यावरून एकदा रेहानकडे बघितलं. "चुलीत घाला म्हणतो," ते स्वतःशीच बोलले, पण नाव टाकलं.

अस्लमला आता राहवेना. नियम मोडलाच होता, म्हणून तो उठला. "चला, मिटलं एकदाचं! मिळवा हात, मिळवा!" आणि त्याने दोघांची मनगटं पकडली.

"सोड!" ओमकारने हात झटकला. "मिटलंबिटलं काही नाही. स्पर्धा होईपर्यंत कोणी आमचं मिटवायला यायचं नाही. समजलं? हा माझ्याशी गोड बोलायला लागला की आपण हरलो."

रेहानने त्याच्याकडे बघितलं. त्याला ते कळलं की नाही सांगता येत नाही, पण काही तरी टोचलं एवढं खरं. पिशवी खांद्याला लावून जांभ्याच्या पायऱ्यांपर्यंत गेला, एसटीची वेळ झालेली. मागून ओमकार ओरडला, मुद्दाम, अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा.

"आणि पुढच्या रविवारी वेळेवर ये! तुझ्यासाठी थांबायला ही काय दाभोळची फेरीबोट आहे?"

रेहान थांबला. पिशवी पायरीवर टाकली. परत आला, रिंगखाली जाऊन उभा राहिला.

"टाक," तो म्हणाला. "आता घालून दाखव."

ओमकारने टाकला. अडवला. परत टाकला. अडवला. मग रेहानने पकडला, ओमकार पोटाकडे धावला, बॉल तिथे होता, हिसकला. पुढच्या वेळी परत हिसकला. त्याच्या पुढच्या वेळी हात घातला तर तिथे काहीच नव्हतं, बॉल वर होता, डोक्याच्या पण वर, आणि रेहानचं कोपर त्याच्या कानाला घासून गेलं. नम्रताताई शिट्टी तोंडात धरून उभी राहिली.

खालच्या रस्त्यावर चिपळूणची एसटी हॉर्न वाजवत आली, थांबली आणि गेली.

"गेली याची गाडी," अस्लम म्हणाला. "आता याला चिपळूणपर्यंत कोण सोडणार?"

"ओमकार सोडेल," आप्पा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. "गाडी आहे त्याच्याकडे."

"मी? याला? चालत जाऊ दे!"

"मेलो तरी बसणार नाही याच्या गाडीवर," रेहान म्हणाला, आणि बॉल दोन्ही हातांत उंच धरून उभा राहिला.